'रद्द करणे'ला इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

दवात

मराठीतून इंग्रजीत कागदपत्रांचं भाषांतर करणं हे माझं रोजचं काम. परवा एक मृत्युपत्र आलं. लांबलचक, पण भाषा सरळ. त्यात 'रद्द' हा शब्द चार ठिकाणी होता. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. पुतण्याला दिलेलं कुलमुखत्यारपत्र रद्द. समोरच्याने खोटी माहिती दिली म्हणून रद्द केलेल्या एका जागेच्या कराराचा उल्लेख. आणि कर्ज फिटल्यावर 'रद्द होऊन परत मिळालेली' वचनचिठ्ठी.

आधी मी चारही ठिकाणी 'कॅन्सल' लिहिलं. दुसऱ्या वाचनात ते तिकीट रद्द केल्यासारखं वाटायला लागलं. मग मृत्युपत्रांना 'अनल' केलं, कुलमुखत्यारपत्राला 'रिपील', कराराला 'रिव्होक', वचनचिठ्ठीला 'नलिफाय'. तपासणाऱ्या वकीलबाईंनी चारही शब्दांभोवती पेन्सिलने गोल काढून कागद परत पाठवला. समासात एकच ओळ: 'हे चारही चुकीच्या जागी आहेत.'

तीन शब्दकोश उघडले. प्रत्येक शब्दापुढे तेच: रद्द करणे, रद्दबातल ठरवणे, मागे घेणे. फक्त क्रम वेगळा. मला समानार्थी शब्दांची यादी नकोय, ती कुठेही मिळते. कुठला शब्द कुठे बसतो आणि का, हे समजून घ्यायचंय. इथे कायद्यातले आणि भाषेतले दोन्हीकडचे लोक आहेत, म्हणून धागा काढला.

आडवी रेघ

'कॅन्सल'पासून सुरू करू, कारण तोच शब्द आपण सगळ्यात सैल वापरतो आणि मुळात तोच सगळ्यात काटेकोर होता.

लॅटिनमध्ये 'कॅन्सेली' म्हणजे जाळी, कठड्याला असते तशी. लिहिलेल्या मजकुरावर तिरप्या-आडव्या रेघा मारल्या की कागदावर जाळी उमटते. त्या कृतीला 'कॅन्सेलारे' म्हणत. म्हणजे 'कॅन्सल' करणं हे मुळात हाताने, पेनाने, कागदावर करायचं काम. आपल्याकडे 'काट मारणे' आहे, अगदी तसं. न्यायालयात त्या जाळीपाशी उभा राहणारा कर्मचारी तो 'कॅन्सेलारियस'. त्याचाच पुढे 'चॅन्सेलर' झाला. गणितात अंश आणि छेदातला समान अवयव काटतात, तेही 'कॅन्सल'च, आणि तिथे अजून खरोखर रेघ मारतात.

पोस्टाच्या तिकिटावरचा शिक्काही 'कॅन्सलेशन'च. १८४० साली ब्रिटनमध्ये जगातलं पहिलं डाक तिकीट निघालं, काळ्या रंगाचं, 'पेनी ब्लॅक'. त्यावर लाल शाईचा शिक्का मारायचे. अडचण अशी झाली की लाल शाई पुसता यायची आणि तिकीट पुन्हा वापरता यायचं. म्हणून १८४१मध्ये रंगांची अदलाबदल केली: तिकीट लाल, शिक्का काळा. नियम तोच होता, सरकारही तेच होतं, फक्त शाई टिकत नव्हती. एवढ्याने 'कॅन्सल' अपुरं पडलं. यावरून हा शब्द त्या खुणेला किती चिकटलेला आहे ते कळतं.

कोरा कागद

मग 'कॅन्सल्ड चेक' म्हणजे?

आडवी रेघ

@कोरा कागद, दोन अर्थ आहेत. खाते क्रमांक दाखवण्यासाठी रेघा मारून देतो तो एक. अमेरिकी इंग्रजीत मात्र वटलेला, पैसे चुकते होऊन बँकेने शिक्का मारलेला चेक म्हणजे 'कॅन्सल्ड चेक'. तो व्यवहार फसलेला नसतो, पूर्ण झालेला असतो. त्याचं काम झालं, आता तो पुन्हा चालणार नाही, एवढंच.

दवात, तुमच्या वचनचिठ्ठीचा विचार याच अंगाने करून बघा.

वकीलपत्र

चांगला धागा. मी शब्द निवडताना तीन प्रश्न विचारतो. रद्द कोण करतंय? काय रद्द होतंय? आणि कधीपासून, आजपासून की मुळापासून? मराठीत 'रद्द' या एका शब्दात हे तिन्ही प्रश्न झाकले जातात. संदर्भावरून वाचणाऱ्याला उत्तर कळतं, म्हणून आपलं अडत नाही. इंग्रजीत क्रियापदातच उत्तर द्यावं लागतं.

मृत्युपत्राला 'रिव्होक'. 'व्होकारे' म्हणजे हाक मारणे, 'रि' म्हणजे परत. जे मी एकट्याने दिलं ते मी एकट्याने परत बोलावतो. परवाना, सवलत, अधिकार, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, सगळं यात येतं. समोरच्याची संमती लागत नाही. म्हणून दवात, तुमच्या पहिल्या दोन्ही जागी 'रिव्होक' हवं. करार मात्र दोघांचा असतो, तो एकट्याला परत बोलावता येत नाही. तिथे 'रिव्होक' चुकलंच.

पण हाक मारायची तर ती ऐकू जायला हवी. इंग्लंडमधला १८८०चा एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो, बर्न विरुद्ध व्हॅन टीनहोवेन. कार्डिफच्या व्यापाऱ्याने १ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पत्राने माल विकायचा प्रस्ताव पाठवला. ८ तारखेला मन बदललं, प्रस्ताव मागे घेत असल्याचं दुसरं पत्र टाकलं. पहिलं पत्र ११ला पोचलं आणि न्यूयॉर्कवाल्यांनी त्याच दिवशी तारेने होकार कळवला. दुसरं पत्र पोचलं २०ला. न्यायालय म्हणालं, करार झाला. 'रिव्होकेशन' टपालात टाकल्याच्या दिवशी लागू होत नाही, समोरच्याला पोचल्यावर होतं.

निळी शाई

'रिव्होक'ची हाक मनात राहील. वाचनखूण साठवली.

वकीलपत्र

आणखी एक सांगतो, कारण यात आडवी रेघ यांचं 'कॅन्सल' आणि माझं 'रिव्होक' समोरासमोर येतात.

इंग्लंडच्या १८३७च्या मृत्युपत्र कायद्यानुसार मृत्युपत्र रिव्होक करायचे मोजके मार्ग आहेत: नवं मृत्युपत्र किंवा तितक्याच रीतसर सह्या झालेला लेख, नाहीतर ते जाळणं, फाडणं किंवा अन्य प्रकारे नष्ट करणं. १८७७मध्ये चीझ विरुद्ध लव्हजॉय हा खटला आला. एका गृहस्थाने आपल्या मृत्युपत्राच्या काही ओळींवर पेनाने रेघा मारल्या, मागच्या बाजूला लिहिलं की हे सगळं 'रिव्होक' केलं आहे, आणि कागद बैठकीतल्या रद्दीच्या ढिगात टाकून दिला. घरातल्या मोलकरणीने तो उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. पुढे सात-आठ वर्षं, ते वारेपर्यंत, कागद तिथेच पडून होता.

न्यायालयाने ते मृत्युपत्र कायम ठरवलं! त्यांचा हेतू रद्द करायचाच होता, त्यात कुणालाच शंका नव्हती. पण कागद नष्ट झाला नव्हता. नष्ट करणं आणि रद्द करायचा हेतू, दोन्ही एकत्र हवेत, एकटं एक चालत नाही, असा निकाल. रेघा मारल्या म्हणजे कागद 'कॅन्सल' झाला असं आपण म्हणू. मृत्युपत्र 'रिव्होक' झालं नाही.

टाचण

म्हणजे रद्दीत टाकलं, पण रद्द झालं नाही. आणि मराठीत हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे! अरबी 'रद्द' म्हणजे परतवणे, नाकारणे. 'रिव्होक'मधलं 'परत' आपल्या 'रद्द'मध्येही दडलेलं आहे.

'रद्दबातल'मधलं 'बातल' हेही अरबीच, 'बातिल' म्हणजे खोटं, निरर्थक, पोकळ. दोन जवळच्या अर्थाचे शब्द जोडून एक पक्का शब्द केलाय. इंग्रजीतलं 'नल अँड व्हॉइड' नेमकं असंच आहे: 'नल' म्हणजे काहीच नाही, 'व्हॉइड' म्हणजे रिकामं. दोन्हीकडच्या कारकुनांना एका शब्दाने खात्री वाटली नसावी असं मला वाटतं. 'नल अँड व्हॉइड'ला मराठीत 'रद्दबातल' हा इतका चपखल प्रतिशब्द असताना 'निरर्थक व शून्यवत' वगैरे लिहिणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

प्रश्नचिन्ह

'अनल' मृत्युपत्राला का नाही? 'अनल'चा अर्थही 'काहीच नाही' असं करून टाकणं असाच आहे ना?

इतिहासवेडी

@प्रश्नचिन्ह, 'अनल'चं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं, म्हणून तिथूनच सांगते.

हेन्रीने बायकांना 'घटस्फोट' दिला असं आपण सर्रास म्हणतो. कायद्याच्या भाषेत त्याने एकही घटस्फोट घेतला नाही. कॅथरीन ऑफ ॲरागॉनशी झालेलं लग्न २३ मे १५३३ रोजी आर्चबिशप क्रॅन्मरने 'अनल' केलं. म्हणजे ते मोडलं नाही, ते कधी झालंच नव्हतं असं ठरवलं. जवळजवळ चोवीस वर्षांचा संसार, आणि कागदावर शून्य. हेन्रीने ॲन बोलीनशी आधीच, जानेवारीतच, लग्न केलं होतं. घटस्फोट असता तर ते दुसरं लग्न बेकायदा ठरलं असतं. 'अनल'मुळे मागे जाऊन सगळं बसलं, कारण पहिलं लग्न अस्तित्वातच नव्हतं. आणि याच क्रियापदामुळे मुलगी मेरी एका फटक्यात अनौरस ठरली.

पुढे ॲनच्या बाबतीत हे फार क्रूर होतं. १५ मे १५३६ला तिला व्यभिचाराबद्दल दोषी ठरवलं. १७ला तिचंही लग्न 'अनल' केलं. १९ला शिरच्छेद. लग्न मुळात झालंच नव्हतं, तर व्यभिचार कसला? हा प्रश्न लोक आजही विचारतात, आणि तो केवळ या एका क्रियापदाच्या अर्थातून उभा राहतो. चौथी बायको ॲन ऑफ क्लीव्ह्ज हिचं लग्नही १५४०मध्ये 'अनल'च झालं.

आता मृत्युपत्राकडे या. जुनं मृत्युपत्र 'कधी झालंच नव्हतं' असं करणाऱ्याला म्हणायचं नसतं. ते होतं, आता नको, एवढंच म्हणायचं असतं. शिवाय 'अनल' सहसा न्यायालय, चर्च, एखादी अधिकृत संस्था करते. निवडणूक अनल होते, लग्न अनल होतं. आपलं आपण नाही करत.

निळी शाई

इंग्रजीत 'कॅन्सल्ड वेडिंग' म्हटलं तर समारंभच झाला नाही. 'अनल्ड मॅरेज' म्हटलं तर समारंभ झाला, लग्न मात्र झालं नाही. एका शब्दाचा केवढा फरक!

वकीलपत्र

इतिहासवेडी यांनी छान मांडलं. त्याला जोडून: 'व्हॉइड' आणि 'व्हॉइडेबल' यात लोक हमखास घसरतात. 'व्हॉइड' म्हणजे पहिल्या दिवसापासून पोकळ, कुणी काही करायची गरजच नाही. 'व्हॉइडेबल' म्हणजे आत्ता पूर्ण वैध आहे, पण ज्याची फसवणूक किंवा बळजबरी झाली त्याला ते मोडायचा पर्याय आहे. त्याने तो वापरला नाही तर करार जन्मभर चालेल. भाषांतरात दोन्हींना 'अवैध' लिहिलं की दुसऱ्या माणसाचा हा पर्याय कागदावरून पुसला जातो. मी असे मसुदे पाहिलेत आणि त्यावरून झालेले वादही.

दवात, तुमचा तिसरा 'रद्द', खोट्या माहितीमुळे मोडलेला करार, तो 'व्हॉइडेबल' होता. आणि असा करार मोडण्याचं क्रियापद 'रिसिंड'. 'सिंडेरे' म्हणजे कापणे, फाडणे. करार कापून दोघांना आधीच्या जागी आणून ठेवायचं: पैसे इकडे परत, जागा तिकडे परत.

टाचण

'सिंडेरे'वरून एक. कात्रीला इंग्रजीत 'सिझर्स' म्हणतात, तिच्या स्पेलिंगमधलं 'एससी' या 'सिंडेरे'शी नातं जोडण्याच्या नादात आलं. खरं मूळ वेगळ्या धातूचं आहे. नातं खोटं असलं तरी 'रिसिंड' लक्षात ठेवायला कात्री उपयोगी पडते.

कोरा कागद

मला प्रामाणिकपणे असं वाटतं की हे सगळं अभ्यासकांसाठी ठीक आहे. मी परदेशी ग्राहकांशी रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करतो. सगळे सगळ्याला 'कॅन्सल' म्हणतात. कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल, पॉलिसी कॅन्सल, मीटिंग कॅन्सल. कुणाचं काही अडत नाही. सोपा शब्द असताना अवघड का शिकायचा?

वकीलपत्र

@कोरा कागद, मीटिंगला 'कॅन्सल' अगदी बरोबर, तिथे दुसरा शब्द शोधूच नका. पण कॉन्ट्रॅक्ट आणि पॉलिसी ही तुमची दोन उदाहरणं नेमकी धोक्याची आहेत.

अमेरिकेत मालाच्या विक्रीला लागू होणाऱ्या 'युनिफॉर्म कमर्शियल कोड'मध्ये 'टर्मिनेशन' आणि 'कॅन्सलेशन' यांच्या वेगळ्या व्याख्या दिल्या आहेत. समोरच्याने करार मोडला म्हणून तुम्ही तो संपवता, ते 'कॅन्सलेशन'. कुणी काही मोडलेलं नाही, करारातल्या कलमाने दिलेला अधिकार वापरून संपवता, ते 'टर्मिनेशन'. 'कॅन्सल'मध्ये मोडलेल्या कराराची भरपाई मागायचा हक्क शाबूत राहतो. म्हणजे तुम्ही ज्याला सोपा शब्द म्हणताय, त्यात समोरच्याने करार मोडल्याचं गृहीत आहे. ग्राहकाला तुम्ही सहज 'वी आर कॅन्सलिंग' लिहिलंत आणि त्याचा वकील ते वाचायला बसला, तर तुम्हाला म्हणायचं नव्हतं ते त्याला तिथे सापडेल.

विम्याचं तर याहून गंभीर. कंपनीने पॉलिसी 'कॅन्सल' केली तर आजपासून पुढे संरक्षण नाही, मागचे दावे शिल्लक. 'रिसिंड' केली तर पहिल्या दिवसापासून पॉलिसी नव्हतीच. मागच्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेचा खर्चही मग अंगावर येऊ शकतो. मराठीत दोन्ही वेळेला पत्रात 'पॉलिसी रद्द' असंच येईल.

कोरा कागद

टर्मिनेशनचं माहीत नव्हतं. आमच्या पत्रांचे नमुने काढून बघतो. मनापासून आभार.

इतिहासवेडी

कायद्यांबद्दल अजून कुणी बोललं नाही. कायदा 'रिपील' होतो, आणि तो करण्याचा अधिकार कायदेमंडळाचा. मूळ जुनं फ्रेंच, अर्थ पुन्हा 'परत बोलावणे'. तेव्हा दवात, कुलमुखत्यारपत्राला 'रिपील' लावण्यामागचं तुमचा कान बरोबर होता, फक्त दार चुकलं. अमेरिकी वसाहतींवर कर लावणारा ब्रिटनचा स्टॅम्प ॲक्ट १७६५चा, रिपील १७६६. ब्रिटनचे धान्यकायदे रिपील १८४६. अमेरिकेच्या दारूबंदीची अठरावी घटनादुरुस्ती एकविसाव्या दुरुस्तीने ५ डिसेंबर १९३३ला रिपील झाली. गंमत बघा, अठरावी दुरुस्ती घटनेच्या प्रतीत अजूनही छापतात. 'रिपील'ने शब्द पुसले जात नाहीत, त्यांचा अंमल थांबतो.

'अबॉलिश' वेगळं. ते प्रथेला, व्यवस्थेला, पदाला लागतं: गुलामगिरी, राजेशाही, फाशीची शिक्षा. कागदाला लागत नाही. हा फरक मला एका वस्तुस्थितीमुळे कायमचा समजला. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागातली गुलामगिरी संपवणारा कायदा, 'स्लेव्हरी ॲबॉलिशन ॲक्ट', १८३३चा. तो १९९८मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने संपूर्ण रिपील केला! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हबकले होते. कारण साधं आहे, जुने निरुपयोगी झालेले कायदे साफ करताना तोही गेला. त्याने गुलामगिरी परत आली नाही, कारण 'अबॉलिश' झालेली गोष्ट जमिनीवरची होती आणि 'रिपील' झाला तो कागद होता.

वकीलपत्र

त्यासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र तरतूदही आहे. १९७८च्या 'इंटरप्रिटेशन ॲक्ट'प्रमाणे, रिपील करणारा कायदा पुढे रिपील झाला तरी मूळचा कायदा आपोआप जिवंत होत नाही. तसं हवं असेल तर तसे शब्द घालावे लागतात. वजा गुणिले वजा अधिक, हे इथे चालत नाही.

टाचण

'ॲब्रोगेट' राहिलं. रोमन लोकांत 'रोगारे' म्हणजे विचारणे. सभेला विचारून कायदा करायचे, म्हणून कायदा मांडणं म्हणजेच 'रोगारे'. अख्खा कायदा काढला तर 'अब-रोगारे', त्याचा एक तुकडा काढला तर 'दे-रोगारे'. हे दोन्ही इंग्रजीत आले. आज 'ॲब्रोगेट' जास्त करून तहांना, जबाबदाऱ्यांना लागतं, आणि त्यात एकतर्फीपणाचा वास असतो. 'डेरोगेट' मानवी हक्कांच्या युरोपीय करारात आहे: युद्धासारख्या संकटात काही हक्कांपुरती सूट घ्यायची, पूर्ण करार सोडायचा नाही.

प्रश्नचिन्ह

'नलिफाय' आणि 'रिसिंड' एकाच वाक्यात वापरलेलं मी कुठेतरी वाचलंय, राज्याने केंद्राचा कायदा वगैरे. कुणाला माहीत आहे का?

इतिहासवेडी

अमेरिकेतलं साउथ कॅरोलायना राज्य. २४ नोव्हेंबर १८३२ला तिथल्या अधिवेशनाने ठराव केला की १८२८ आणि १८३२चे आयातशुल्काचे केंद्रीय कायदे आपल्या राज्यापुरते 'नल' आहेत. लक्षात घ्या, त्यांना ते 'रिपील' करता येत नव्हते, तो अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा. म्हणून 'नलिफाय': कायदा पुस्तकात राहू दे, आमच्याकडे त्याचा परिणाम शून्य. पुढे तडजोड झाली, शुल्क हळूहळू कमी करायचं ठरलं, आणि १५ मार्च १८३३ला त्यांनी स्वतःचा ठराव 'रिसिंड' केला. ठराव त्यांचाच, म्हणून तो कापता आला. तीनच दिवसांनी, राज्यावर बळ वापरायची मुभा देणारं 'फोर्स बिल' त्यांनी 'नलिफाय' केलं. ते केंद्राचं, म्हणून पुन्हा तेच क्रियापद. माझं ते माझ्याकडून रिसिंड, दुसऱ्याचं ते माझ्याकडून नलिफाय. यापेक्षा चांगला पाठ मला माहीत नाही.

निळी शाई

न्यायालयाचे शब्द कुणीतरी सांगा. बातम्या वाचताना 'ओव्हररूल', 'ओव्हरटर्न', 'क्वॉश', 'व्हेकेट' सगळं एकच वाटतं.

वकीलपत्र

थोडक्यात. वरच्या कोर्टाने त्याच प्रकरणातला खालच्या कोर्टाचा निकाल फिरवला तर 'रिव्हर्स'. वेगळ्या, जुन्या प्रकरणात घालून दिलेला नियमच यापुढे चुकीचा ठरवला तर 'ओव्हररूल'. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४०मध्ये शाळकरी मुलांना झेंड्याला वंदनाची सक्ती करता येते असं म्हटलं आणि १९४३मध्ये बार्नेट खटल्यात तो निर्णय ओव्हररूल केला. तीन वर्षांत! 'ओव्हरटर्न' दोन्हीला चालतं, ते वर्तमानपत्री आहे. 'व्हेकेट' म्हणजे निकाल रिकामा करणं, पाटी कोरी. पुढे पुन्हा सुनावणी होऊ शकते. 'क्वॉश' आरोपपत्राला, समन्सला, शिक्षेला लागतं.

टाचण

'क्वॉश'मध्ये दोन लॅटिन शब्द मिसळलेत, एकाचा अर्थ पोकळ ठरवणे, दुसऱ्याचा हलवून चुरा करणे. म्हणूनच कोर्ट समन्स क्वॉश करतं आणि सैन्य बंडही क्वॉश करतं.

कोरा कागद

मला रोज छळणारा प्रश्न विचारतो. संगणकावर खिडकी उघडते: 'तुम्हाला ऑर्डर कॅन्सल करायची आहे का?' खाली दोन बटणं: 'ओके' आणि 'कॅन्सल'. कुठलं दाबायचं?

आडवी रेघ

ऑर्डर रद्द करायची असेल तर 'ओके'. तिथे बटणावरचं 'कॅन्सल' म्हणजे 'मी ही कृती करत नाही', आणि कृती आहे कॅन्सल करणं. एकाच क्रियापदाला दोन कर्मं दिलीत. माझं कामच असे पडदे लिहायचं आहे. तिथे मी बटणांवर पूर्ण क्रिया लिहितो: 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर राहू द्या'. जागा जास्त लागते, त्यावरून दरवेळी वाद होतो, आणि दरवेळी मी हट्टाने तेच ठेवतो, कारण चुकीचं बटण दाबलेल्या माणसाची तक्रार मी वाचलेली असते.

'अबॉर्ट' हाही असाच फसवा. अवकाशयानाच्या भाषेत उड्डाण त्या दिवसापुरतं थांबवलं तर 'स्क्रब'. नासाचं आर्टेमिस-१ ऑगस्टअखेर आणि सप्टेंबर २०२२मध्ये असं दोनदा स्क्रब झालं आणि १६ नोव्हेंबरला उडालं. 'अबॉर्ट' म्हणजे उड्डाण सुरू झाल्यावर ठरलेला मार्ग सोडणं, पण मोहीम संपलीच असं नाही. जुलै १९८५मध्ये चॅलेंजर शटलचं एक इंजिन वर जाताना बंद पडलं, आणि आज्ञा मिळाली 'अबॉर्ट टू ऑर्बिट'. यान ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत गेलं आणि मोहीम पार पडली.

प्रश्नचिन्ह

राजीनामा परत घ्यायचा तर 'रिव्होक' की 'विथड्रॉ'?

वकीलपत्र

'विथड्रॉ'. पुढे केलेला हात मागे घ्यायचाय. समोरच्याने अजून स्वीकारला नसेल तर सोपं, स्वीकारला असेल तर शब्द कुठलाही वापरा, आधी त्याची संमती.

'वेव्ह'ही इथेच नोंदवून ठेवतो: स्वतःचा हक्क किंवा येणं आपणहून सोडणं. बँक दंड 'वेव्ह' करते, 'कॅन्सल' नाही. नियम तसाच राहतो, यावेळेपुरता लावला जात नाही.

दवात

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि मसुदा पुन्हा करून काल पाठवला. मृत्युपत्रं: 'आय हिअरबाय रिव्होक ऑल फॉर्मर विल्स अँड कोडिसिल्स' (कोडिसिल म्हणजे मृत्युपत्राची पुरवणी). कुलमुखत्यारपत्र: 'रिव्होक्ड', आणि वकीलपत्र यांचा कार्डिफचा खटला वाचल्यामुळे मी पक्षकारांना विचारलं की पुतण्याला तशी नोटीस पोचली आहे का. पोचली नव्हती. मूळ मराठीतच ते वाक्य वाढवावं लागलं. करार: 'रिसिंडेड'.

वचनचिठ्ठीसाठी मूळ कागद मागवून घेतला. पिवळा पडलेला, चार घड्या. पैसे मिळाल्याची सही, आणि सहीवरून खाली मजकुरापर्यंत शाईच्या दोन तिरप्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. तिथे 'कॅन्सल्ड' लिहिलं. यावेळी कागद परत आला तेव्हा पेन्सिलचा एकही गोल नव्हता.